अंगठ्याखालचं अक्षर

माणसाच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय हे ओळखायला दोन बोटं पुरतात. डाव्या हाताचं मधलं बोट रोग्याच्या पाठीवर सपाट दाबून ठेवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर टकटक करत वरून खाली यायचं. आधी एक बाजू, मग दुसरी. हवेनं भरलेलं फुफ्फुस पोकळ वाजतं. पाणी जिथं सुरू होतं तिथं आवाज मरतो. आपल्याच मांडीवर वाजवून पाहा, साधारण तसा. ज्यांच्या घरी ज्वारीची पत्र्याची कोठी होती त्या मुलांना हे शिकवावं लागत नसे. कोठीत धान्य कुठवर उरलंय हे त्यांच्या आया झाकण न उघडता बाहेरून वाजवून सांगत.

मी सोलापुरात छातीचा डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. हाताखाली शिकायला आलेल्या मुलांना मी सुरुवातीला एक्स-रे बघूच देत नसे. ‘आधी बोटं, मग फिल्म’ असं इतक्या वेळा म्हणायचो, की गॅदरिंगमध्ये माझी नक्कल करणारा मुलगा स्टेजवर आल्या आल्या टेबल वाजवायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. ती माझी ओळख होती आणि मला ती आवडायची.

हे आधी सांगतो, कारण ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी मी ती दोन बोटं लावली नव्हती.

पाणी साचतं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. फुफ्फुसावर एक पातळ पडदा असतो, बरगड्यांच्या आतून दुसरा. दोघांच्या मध्ये जेमतेम ओलावा असतो, श्वास घेताना ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, थकलेलं हृदय, खराब झालेलं मूत्रपिंड, अशा कुठल्याही कारणानं त्या फटीत पाणी भरत जातं. छाती काही फुगत नाही, म्हणून फुफ्फुसच दाबलं जातं. माणूस आडवा झोपू शकत नाही. बसून, पुढं वाकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहतो. अशा वेळी पाठीतून सुई घालून ते पाणी काढावं लागतं. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला रक्तवाहिनी चिकटलेली असते. एवढं सांभाळलं तर कामात फारसा धोका नाही. रोग्याला मात्र सुईपेक्षा ‘पाणी’ या शब्दाचीच भीती जास्त. एका घरानं तर ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, म्हाताऱ्याचं पिण्याचं पाणी बंद केलं होतं. तो माझ्याकडे आला तेव्हा जीभ लाकडासारखी झालेली. सूनबाई म्हणाली, “आत इतकं साठलंय, त्यात आनकी कशाला भर घालायची, डॉक्टर?” फुफ्फुसातलं पाणी पिण्यानं वाढत नाही हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला.

आणि एक भवानी पेठेतले कापडवाले. भावाच्या छातीतून पाणी काढताना मी मध्येच थांबलो तर माझ्यावर ओरडले, “अर्धवट काम करता व्हय? सगळं काडा की!” सगळं एका वेळी काढायचं नसतं. खूप दिवस दाबलेलं फुफ्फुस एकदम उघडलं तर त्याच्या आतच पाणी झिरपायला लागतं आणि माणूस पुन्हा गुदमरतो. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग टाकीला नळ बसवल्यागत रोज थोडं थोडं काडणार काय?” मी म्हटलं, साधारण तसंच.

असे किस्से सांगत बसलो तर हा लेखही छान हसतखेळत संपेल. आजवर मी तसेच लेख लिहिले.

आता ईरण्णाविषयी.

मी तेव्हा एका ट्रस्टच्या दवाखान्यात होतो. ईरण्णा तिथं एक्स-रे काढायचा. मैंदर्गीचा, घरात कन्नड बोलणारा, तरुण, अंगानं सडपातळ आणि स्वभावानं टोमणे मारणारा. मी साताऱ्याकडचा, सोलापुरात नवखा, कन्नडचा गंध नाही. अक्कलकोटच्या बाजूनं येणाऱ्या रोग्यांशी बोलायचं तर मधे ईरण्णा लागायचा. मी विचारायचो, खोकला कधीपासून? तो कन्नडमध्ये विचारायचा, रोगी लांबलचक काहीतरी सांगायचा, आणि ईरण्णा म्हणायचा, “सासू मेल्यापासनं, म्हंतोय.” पुढं मला सांगायचा, “सासूचं सोडा सायेब, दिवाळीपासनं म्हणून लिवा.”

त्या काळी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. धुतलेली फिल्म हँगरला अडकवून वाळत ठेवायची. फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून डावं-उजवं कळावं यासाठी फोटो काढताना कोपऱ्यात शिशाचं छोटं अक्षर ठेवायचं, ते फिल्मवर पांढरं उमटतं. ईरण्णा हे अक्षर कधी विसरत नसे.

मल्लिनाथ नावाचा मुलगा त्या दिवशी आला. मैंदर्गीकडचाच, भवानी पेठेत एका खोलीत आईबरोबर राहायचा, पॉवरलूमवर कामाला. ओठ निळे पडलेले, बोलता येत नव्हतं. बसल्या जागी मान वर-खाली करून श्वास घेत होता. ईरण्णानं त्याला कसाबसा उभा करून फोटो काढला आणि फिल्म धुवायला गेला. मी मुलाला तपासायला घेतलं. सदरा वर केला तर पाठीच्या उजव्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, बिब्ब्याचे ताजे फोड. बिब्ब्याचं काळं तेल कातडीवर ठेवलं की भाजल्यासारखं होतं. दुखणं ओढून काढायला खेड्यात तो घालतात. मी तिथं बोट टेकवलं आणि मुलगा कळवळला. मी बोट उचललं.

मी आयुष्यभर बिब्ब्यावरून लोकांना रागवत आलो होतो. आणि त्या क्षणी मी त्याच बिब्ब्यावर विश्वास ठेवला. जिकडे बिब्बा तिकडे दुखणं, असं मनानं घेतलं.

मी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी गेलो. ईरण्णा आत दुसरी फिल्म धूत होता. बाहेरच्या दोरीवर मल्लिनाथची फिल्म गळत होती. “सायेब, वाळू द्या की जरा,” तो आतून ओरडला. मी थांबलो नाही. हँगरवरून फिल्म काढली, ओल्या फिल्मला मधे हात लावायचा नसतो म्हणून दोन कोपरे दोन अंगठ्यांत धरले आणि खिडकीच्या उजेडात पाहिली. उजवी बाजू खालपासून वरपर्यंत पांढरी. हृदय डावीकडे, जागच्या जागी. मला हवं तेच दिसलं.

मुलाला खुर्चीवर उलटा बसवला, उशीवर हात टेकवायला लावले. दारात त्याची आई उभी होती. ती मला काहीतरी ओरडून सांगत होती, पुन्हा पुन्हा एकच शब्द: “एडगडे! एडगडे!” मला वाटलं रडतेय. मी सिस्टरला दार लावायला सांगितलं.

फोडांच्या मधली चांगली जागा शोधून बधिर केली आणि सुई घातली. सिरिंज ओढली. पाणी आलं नाही. कधीकधी येत नाही, घट्ट झालेलं असतं. सुई थोडी आत सरकवली. सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले. मुलगा खोकला. मी सुई काढून एक बरगडी खाली पुन्हा घातली. आज विचार करतो तेव्हा पहिल्या सुईपेक्षा ही दुसरी सुई मला जास्त छळते. पहिली घाईची होती. दुसरी गर्वाची होती.

मुलानं हात उशीवरून सोडले. त्याचे डोळे मोठे झाले. श्वास आत जाईना. सिस्टर म्हणाली, “डॉक्टर, नाडी!” तेवढ्यात दार ढकलून ईरण्णा आत आला, मागे ती आई. हात ओले, एप्रनवर औषधाचे डाग. त्यानं एक नजर मुलाच्या पाठीवर टाकली.

“सायेब, हिकडं कशाला? पाणी डाव्या अंगाला हाय की! आई कवाधरनं वरडायलीया, डावीकडं म्हणून.”

पाण्यानं मुलाचं डावं फुफ्फुस पूर्ण दाबलं गेलं होतं. तो उजव्या एकट्यावर जगत होता. आणि त्या एकट्याला मी दोनदा टोचलं होतं. त्यातून निसटलेली हवा आता त्यालाही दाबत होती.

पुढचं मी नीट केलं. हे स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही, झालं तसं सांगतो. उजवीकडे पुढून जाड सुई घालून हवा सोडली, ती टायरमधून सुटल्यासारखी फुसकारत बाहेर आली. मग नळी घातली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, बाटलीत बुडबुडे यायला लागले. मुलाच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. मी फारसा देवभोळा नाही. मग डावीकडे बोटं लावली. वाजवली. दगड. तिथून पाणी काढलं, पिवळसर, टीबीचं असतं तसं. तेही थोडं काढून थांबलो.

आईला ईरण्णानं कन्नडमध्ये विचारलं, दुखत होतं डावीकडं तर बिब्बा उजवीकडं कसा? तिच्या गावची बाई तसाच घालते म्हणे. दुखऱ्या अंगाला घातला तर दुखणं तिथंच बसून राहतं. दुसऱ्या अंगाला घातला तर ते तिकडं ओढलं जातं आणि फोडाबरोबर फुटून जातं. ईरण्णानं हे मला सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. मुलगा वाचला होता, म्हणून हसू आलं होतं.

सगळे गेल्यावर मी फिल्म उचलली. ती टेबलावरून खाली पडली होती, कुणाची तरी चप्पल तिच्यावर पडून मधलं ओलं चित्र खरवडलं गेलं होतं. कोपरा शाबूत होता. कोपऱ्यात ईरण्णाचं पांढरं अक्षर स्पष्ट होतं, आणि ते उलटं दिसत होतं. मी फिल्म जशी खिडकीशी धरली होती तशी पुन्हा धरून पाहिली. अक्षर बरोबर माझ्या अंगठ्याखाली गेलं. पाण्याच्या रेट्यानं उजवीकडे ढकललेलं हृदय, फिल्म उलटी धरल्यामुळे, मला डावीकडे जागेवर असल्यासारखं दिसलं होतं.

जुन्या फिल्मांतून चांदी काढतात. त्या विकत नेणारा माणूस अधूनमधून दवाखान्यात यायचा, त्याच्यासाठी एका पोत्यात फिल्म टाकलेल्या असत. मी ती फिल्म दुमडून त्या पोत्यात टाकली. रागावून नाही, घाबरून नाही. अगदी शांतपणे टाकली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कुठल्या वाटेनं निघालोय.

मल्लिनाथच्या गावचे लोक दुसऱ्या दिवशी आले. चांगल्या फुफ्फुसात सुई घातली ही बातमी सिस्टरकडून आयाकडे आणि आयाकडून बाहेर गेली होती. विश्वस्तांनी आम्हाला बोलावलं. ईरण्णा दाराजवळ उभा होता, मला खुर्ची दिली होती.

“डॉक्टर, फिल्मवर अक्षर होतं का?”

“मला दिसलं नाही,” मी म्हणालो.

शब्दाशब्दाला खरं होतं. फिल्म कुठाय विचारलं, तर ओली होती, खराब झाली म्हणालो. ईरण्णा म्हणाला, “लावलं हुतं की, सायेब. तुमाला ठावं हाय.” त्यावर एक विश्वस्त म्हणाले, “म्हणजे डॉक्टर खोटं बोलतायत का?” ईरण्णा माझ्याकडे बघत राहिला. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. काचेखाली कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं होती. ती मी वाचत होतो.

बाहेर व्हरांड्यात त्याला म्हटलं, “ईरण्णा, आत्ता लोक तापलेत. नंतर मी बोलतो विश्वस्तांशी.”

“नंतर?” तो म्हणाला.

“नंतर.”

त्याला काढून टाकलं. मल्लिनाथ बरा झाला, त्याची आई माझ्यासाठी हार आणि पेढे घेऊन आली. तो हार मी गळ्यात घालून घेतला. ईरण्णाला सोलापुरात दुसरीकडे कुणी घेतलं नाही, कारण त्याच्या आधी त्याचं नवं नाव पोचायचं. ‘उलटा.’ उलटी फिल्म काढणारा तो उलटा. मैंदर्गीला परत जाऊन त्यानं फोटो स्टुडिओ टाकला. अंधाऱ्या खोलीचं काम त्याला येतच होतं. नाव त्याच्या मागं तिथंही गेलं.

एकदा मी त्या स्टुडिओत गेलो होतो. नंतर बोलतो म्हणालो होतो, ते बोलायला. मला पाहून त्यानं खुर्ची पुसली. “पासपोर्टचा?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मला स्टुलावर बसवलं, दिवे लावले. “सायेब, मान जरा डावीकडं,” तो म्हणाला. मी वळवली. “डावीकडं, सायेब.” मी पुन्हा वळवली. तो पुढं आला, माझ्या हनुवटीला बोट लावून मान डावीकडे केली. फोटो काढला. फोटोचं पाकीट घेऊन मी सोलापूरला परत आलो. त्याला माझ्यावर चिडून बोलायची संधी होती. त्यानं फोटो चांगला काढला होता.

या उन्हाळ्यात डॉक्टर तृप्तीचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता अक्कलकोटला स्वतःचा दवाखाना चालवते. “सर, एक आजोबा आहेत. छातीत खूप पाणी आहे, दम लागलाय, पण सुई घालू देत नाहीत. म्हणतात, आधी तुम्हाला बोलवा. नाव ईरण्णा.”

तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, माझा एखादा जुना भक्त असेल.

सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर तसं काही नाही. त्या दुपारी ते संपेना. हात थरथरतात म्हणून मी गाडी चालवणं सोडलंय, रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं जरा जोरात घे. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: म्हाताऱ्या हृदयाला एवढा दम किती वेळ पेलेल.

तो कॉटच्या कडेला बसला होता, समोरच्या टेबलावर उशी आणि उशीवर कोपर. नाकाला ऑक्सिजनची नळी. केस पांढरे, गळ्यातल्या शिरा फुगलेल्या. बाजूला त्याची बायको गौरव्वा, पायथ्याशी मुलगा शिवानंद. तृप्ती सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन उभी होती.

“आलात,” ईरण्णा म्हणाला. एका श्वासात एवढंच बसत होतं.

“ईरण्णा, सुई घेऊन टाक. तृप्ती मॅडमचा हात चांगला आहे. मशीनवर पाणी दिसतंय.”

“मशीनवर... डावं-उजवं... माणूसच लिवतंय.” तो थांबला, श्वास गोळा केला. “आदी त्या दिवसाचं सांगा. ह्यांच्यासमोर.”

“आधी सुई. मग सगळं सांगतो, शब्द देतो.”

“आदी,” तो म्हणाला. “नंतरचं... म्या बगितलंय.”

तृप्ती माझ्या कानाशी म्हणाली, “सर, ऑक्सिजन उतरतोय. काय सांगायचंय ते सांगून टाका, प्लीज.” शिवानंद चिडून म्हणाला, “अप्पा, हे काय चालवलंय? जीव जाईल!” ईरण्णानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता, विश्वस्तांच्या खोलीत बघत होता तसाच. इथं टेबलावर काच नव्हती.

मी सांगितलं. बिब्बा सांगितला, दोन सुया सांगितल्या, अंगठा सांगितला. पोतं सांगितलं, जे ईरण्णालाही माहीत नव्हतं. त्याची मान किंचित हलली. “अक्षर होतं,” मी म्हणालो. “मी नंतर पाहिलं. विचारलं तेव्हा मला माहीत होतं.” तृप्तीनं माझ्याकडे बघणं सोडून मशीनच्या पडद्याकडे बघायला सुरुवात केली. तिला मीच शिकवलं होतं, आधी बोटं मग फिल्म.

गौरव्वा म्हणाली, “येवडंच?”

मला कळलं नाही.

“येवडंच हुतं व्हय? मला वाटायचं, कुनीतरी मोट्या मानसानं तुमचा गळा धरला असंल. तुमच्या लेकराबाळांवर आलं असंल. म्हणून गप बसला असाल.” तिचा आवाज चढला नव्हता. “नुसती लाज वाटली म्हणून?”

“हो,” मी म्हणालो. “तेवढंच.”

ती नवऱ्याकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. त्यानं हात वर केला, पुरे अशा अर्थानं. मग मला म्हणाला, “या हिकडं. बोटं लावा.”

मी त्याच्या मागं गेलो. सदरा वर केला. माझा हात थरथरत होता. डावं बोट त्याच्या पाठीवर ठेवलं आणि थरथर थांबली. बोटाला काम आठवलं. उजवी बाजू वरून खाली वाजवली. पोकळ, पोकळ, पार खालपर्यंत पोकळ. डावी बाजू. खांद्याच्या फऱ्याखाली आवाज मेला.

“कुटली?” त्यानं विचारलं.

“डावी.”

“परत बगा.”

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा उजवी, पुन्हा डावी. “डावी. एडगडे, ईरण्णा.” तो शब्द मी त्या दिवसानंतर शिकलो होतो. पुढं कुठल्याही रोग्याला ‘कुठली बाजू?’ विचारल्याशिवाय सुई उचलली नाही, पण हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

“पेन हाय? खूण करा. तुमच्या हातानं.”

मी खूण केली. तृप्तीनं मशीन टेकवून पाहिलं आणि मान हलवली. मग तिनं सुई घातली आणि मी समोर जाऊन त्याचे दोन्ही हात उशीवर धरून बसलो. त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. नळीतून पिवळं पाणी उतरायला लागलं. हळूहळू त्याच्या गळ्यातल्या शिरा बसल्या. तो दोन शब्दांच्या जागी चार बोलायला लागला. “सायेब,” तो म्हणाला, “मान जरा डावीकडं घ्या. पंख्याचं वारं अडायलंय.”

मी घेतली.

तृप्ती योग्य वेळी थांबली. शिवानंद म्हणाला, “मॅडम, अजून हाय की आत, सगळं काढून टाका.” आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

पाण्याच्या तपासणीत टीबी निघाला. त्या वयात दुसरंही काही निघू शकलं असतं, म्हणून मी फोनवर ‘चांगली बातमी आहे, टीबी आहे’ असं म्हणालो. आमच्या धंद्यात असं बोलायची वेळ येते. गोळ्या चालू आहेत, दम गेला आहे, औषधानं लघवी लाल होते म्हणून तो माझ्या नावानं बोटं मोडतो असं शिवानंद सांगतो.

त्या दिवशी निघताना मी गौरव्वाला म्हणालो होतो की हे सगळं मी लिहीन, दिवाळी अंकात छापून येईल. तिनं विचारलं, “मैंदर्गीत कोन वाचतंय ते? हितं चार मानसांत सांगितलं. नाव तर गावात हाय. नातवाला शाळेत उलट्याचा नातू म्हंत्यात.”

म्हणून लेख पाठवण्याआधी, बाजाराच्या दिवशी, मैंदर्गीला गेलो. स्टँडवर उतरून चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो आणि स्टुडिओ कुठं आहे ते विचारलं. मला माहीत होता. तरी विचारलं.

“उलट्याचा?” चहावाला म्हणाला. “हे काय, फुडच्या वळणावर.”

“ईरण्णाचा,” मी म्हणालो. “आणि त्याला उलटा का म्हणतात, माहीत आहे?”

“फोटू उलटा काडला हुता म्हनं दवाखान्यात. एक मानूस मरता मरता वाचला.”

“फोटो सुलटा होता. उलटा मी धरला. तो डॉक्टर मी.”

त्यानं चहाचं भांडं खाली ठेवलं. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. गाड्याभोवती दोन-चार लोक थांबले. कांद्याची पोती उतरवणारा एक जण कानामागं हात धरून ऐकत होता. माझं सांगून झालं. मग चहावाल्यानं रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याला जोरात हाक मारली:

“ए सिद्धा! आयकलास का? आपल्या उलट्यानं काय बी चूक केली न्हवती म्हनं!”

“कोन म्हंतंय?” पलीकडून आवाज आला.

“हितं ये, डॉक्टर सोताच सांगायल्यात.”

भाजीवाला हात पुसत रस्ता ओलांडायला लागला. मी आणखी एक चहा सांगितला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.